‘दिसलं नाही’ आणि ‘नाही’ : अधिवासाचं मॉडेलिंग शिकताना

माझा पहिला अधिवास-नकाशा फार देखणा होता. एका छोट्या घुबडासाठी कुठली जागा कितपत योग्य, हे संगणकावरच्या मॉडेलने घुबडाच्या नोंदी आणि तिथली उंची, उतार ताडून निळ्यापासून (अयोग्य) लालपर्यंतच्या (योग्य) रंगांत दाखवलेलं. मोठा प्रिंट काढून मी तो माझ्या गाइडच्या टेबलावर पसरला. मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला, मिनिटभर पाहिलं आणि विचारलं, “हा रस्त्यांचा नकाशा कशाला आणलास?”

बघितलं तर खरंच, लाल पट्टे रस्त्यांना चिकटून वळणं घेत चालले होते. गंमत म्हणजे मी मॉडेलमध्ये रस्ते घातलेच नव्हते. पण नोंदी करणारी माणसं गाडी पोचते तिथवरच गेलेली, आणि डोंगराळ भागात रस्ते जातात ते दरीच्या तळाने आणि सौम्य उतारावरून. मॉडेलने इमानेइतबारे तेवढंच उचललं होतं : उंची कमी, उतार कमी, म्हणजे घुबड आहे. घुबडाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांना मी हाच किस्सा आधी सांगते. सॉफ्टवेअर कुठलं शिकू, हा प्रश्न सगळे विचारतात. नोंद कशी झाली आणि जिथे नोंद नाही तिथे नक्की काय झालं, हे फारसं कोणी विचारत नाही. माझी पहिली दोन वर्षं त्यातच गेली.

मूळ कल्पना जुनी आहे. जोसेफ ग्रिनेल या प्राणिशास्त्रज्ञाने १९१७मध्ये कॅलिफोर्निया थ्रॅशर या पक्ष्याबद्दल लिहिताना तो कुठल्या झुडपांत, कुठल्या हवामानात राहतो आणि तिथेच का राहतो, याची मांडणी केली. १९५७मध्ये हचिन्सन या परिसंस्थाशास्त्रज्ञाने तीच गोष्ट गणिती भाषेत आणली : तापमान, ओलावा, अन्न असा एकेक अक्ष धरायचा आणि प्रजाती टिकू शकते तो त्या अक्षांमधला प्रदेश म्हणजे तिचा ‘निश’. आज आपण संगणकावर जे करतो ते बहुतांशी या दोघांचंच, फक्त उपग्रहाच्या चित्रांची जोड देऊन.

नवशिक्याची गाठ बहुधा आधी मॅक्सेंट या सॉफ्टवेअरशी पडते. २००६च्या शोधनिबंधानंतर ते सर्वत्र पसरलं, कारण त्याला फक्त ‘इथे दिसलं’ अशा नोंदी पुरतात. ‘इथे नाही’ अशा नोंदींऐवजी ते परिसरातले पार्श्वभूमीचे बिंदू घेतं आणि दोन्हींकडची परिस्थिती ताडून बघतं. सोय मोठी, पण फसगतही इथेच होते. बिंदू सगळ्या प्रदेशावर सारखे टाकले आणि माणसं मात्र रस्त्यावरूनच फिरली, तर फरक कळतो तो माणसांच्या फिरण्याचा. मी नंतर पार्श्वभूमीचे बिंदूही त्याच लोकांनी इतर निशाचर पक्षी नोंदवलेल्या जागांवरून घेतले. माणसांचा कल दोन्ही बाजूंना सारखा झाला आणि रस्ते पुसट झाले. नकाशा दिसायला कुरूप झाला, पण त्याच्यावर थोडा विश्वास बसू लागला.

त्याआधीचं काम म्हणजे नोंदी निवडणं, तांदळातले खडे वेचावेत तसं. जीबिफसारख्या जगभरच्या जीवनोंदींच्या खुल्या साठ्यातून नोंदी उतरवल्या की पहिल्यांदा त्या नकाशावर टाकून नुसत्या डोळ्यांनी बघा. अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झालेली असते. दोन्ही रकान्यांत शून्य असलेल्या नोंदी आफ्रिकेच्या पश्चिमेला समुद्रात जाऊन पडतात. त्या जागेला लोकांनी थट्टेने ‘नल आयलंड’ असं नावही ठेवलंय. काही नोंदींचे बिंदू संग्रहालयाच्या इमारतीवर असतात, कारण नमुना तिथल्या कपाटात आहे. माझं जंगलातलं घुबड एका शहराच्या मध्यावर राहत असल्याचं मला असंच कळलं.

आता शून्याबद्दल, म्हणजे ‘गेलो, पण सापडलं नाही’ या नोंदीबद्दल. आमची पद्धत साधी होती : ठरलेल्या जागी रात्री जायचं, टॉर्च विझवायचा, दहा मिनिटं गप्प उभं राहायचं, आवाज आला तर लिहायचं. पहिल्या हंगामात आवाज आला नाही की आम्ही रकाना मोकळा सोडायचो. हंगाम संपल्यावर कागद समोर घेऊन बसले, तर मोकळ्या रकान्याचा अर्थ लागेना. गेलो होतो आणि ऐकू आलं नाही? की पाऊस होता म्हणून गेलोच नाही? लिहिणाऱ्यालाही आठवेना. तो सगळा गठ्ठा बाजूला ठेवावा लागला. चूक कुणा एकाची नव्हती; फॉर्म मीच बनवला होता.

बरं, शून्य लिहिलं तरी ते खरं शून्य असतंच असं नाही. घुबड असूनही एका फेरीत त्याचा आवाज ऐकू येण्याची शक्यता ०.४ आहे असं धरा. तीन फेऱ्या केल्या तरी तिन्ही वेळा हुकण्याची शक्यता ०.६ × ०.६ × ०.६, म्हणजे साधारण ०.२२. घुबड असलेल्या ५० जागांपैकी ११ जागा कागदावर रिकाम्या दिसणार. पाच फेऱ्या केल्या तर हा आकडा चारवर येतो. त्यातून वाऱ्याच्या जागी आवाज कमी पोचतो, म्हणजे मॉडेल म्हणणार घुबडाला वारा आवडत नाही! यावर उपाय म्हणून मॅकेन्झी आणि सहकाऱ्यांनी २००२मध्ये ऑक्युपन्सी मॉडेल मांडलं. त्यात एकाच जागी अनेक फेऱ्या करून ‘आहे का’ आणि ‘असलं तर सापडतं का’ हे दोन प्रश्न वेगळे सोडवतात. माझ्या मते नव्या माणसाने मॅक्सेंटच्या आधी हे शिकावं. गणित अवघड नाही, आणि रानात उभं राहताना डोकं वेगळं चालायला लागतं.

व्हेरिएबलच्या, म्हणजे मॉडेलला पुरवायच्या घटकांच्या बाबतीत मी हावरटपणा केला. हवामानाचे १९ थर (एकेका घटकाचे नकाशे) तयार मिळतात, ते सगळे ओतले. त्यातले निम्मे एकमेकांचे जुळे भाऊ. शिवाय माझ्या घुबडाला लागते जुन्या झाडातली ढोली, आणि या थरांच्या एक किलोमीटरच्या चौकटीत ढोली दिसत नाही. प्राणी आधी प्रदेश निवडतो, मग त्यात स्वतःचा वावर, मग त्या वावरातले तुकडे, मग नेमकं खाणं. डग्लस जॉन्सनने १९८०मध्ये ही उतरंड मांडली. तुमचा प्रश्न यातल्या कुठल्या पायरीवरचा आहे ते ठरलं की अर्धे थर आपोआप गळतात.

तपासणीत मी एकदा तोंडावर आपटले. नोंदींतल्या काही यादृच्छिक बाजूला काढून मॉडेल त्यांच्यावर तपासलं, एयूसी (मॉडेलला मिळणारा गुण; १ म्हणजे अचूक, ०.५ म्हणजे नुसता छापा-काटा) ०.९च्या वर. मी खूश. मॅडम म्हणाल्या, प्रदेशाचे मोठे तुकडे कर आणि एक अख्खा तुकडा लपव. आकडा ०.७च्या घरात आला. शेजारशेजारच्या नोंदी एकसारख्याच असतात. त्यातल्या एकीवर शिकून दुसरीवर परीक्षा देणं म्हणजे फुटलेला पेपर.

आणि एक गोष्ट पुस्तकात वाचूनही उशिरा पचते. प्राणी जास्त दिसतात ती जागा चांगलीच असेल असं नाही. बीट्रिस व्हॅन हॉर्न यांनी १९८३मध्येच हे बजावलंय : वरचढ प्राणी चांगली जागा धरून बसतात आणि हुसकावलेली तरुण पिल्लं हलक्या जागी गर्दी करतात. संवर्धनासाठी जागा सुचवताना नुसती घनता बघितली तर ही गर्दीची जागा वाचेल आणि पिल्लं जगवणारी जागा हातची जाईल. पिल्लं, घरटी, जगण्याचं प्रमाण यांची थोडी तरी माहिती मिळवा. ती गोळा करायला वर्षं लागतात आणि त्यावर झटपट निबंध होत नाही, म्हणून ती कमी असते. दुसरं कारण मला दिसत नाही.

शिकायचं काय, तर लॉजिस्टिक रिग्रेशन (‘आहे-नाही’ची शक्यता काढायचं संख्याशास्त्र) हाताने समजेपर्यंत. मग संख्याशास्त्रासाठी आर आणि नकाशांसाठी क्यूजीआयएस, ही दोन सॉफ्टवेअर. बाकीचं कामातून येतं. मात्र निदान एक पूर्ण हंगाम दुसऱ्याच्या प्रकल्पावर फील्ड असिस्टंट म्हणून काढा. नकाशा वापरणाऱ्यांबरोबरही बसा. क्षेत्र सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला रंगांच्या छटा नको असतात, रेघ हवी असते : आत संरक्षण, बाहेर नाही. ती रेघ कुठे ओढायची हे मॉडेल सांगत नाही. दुर्मीळ प्रजातीची जागा हुकणं महाग की नको ती जागा राखणं महाग, यावर ते ठरतं, आणि ती चर्चा त्यांच्यासोबतच करायची असते.

मागच्या हंगामात एक नवा मुलगा माझ्यासोबत होता. तिसरी रात्र, पाचवी जागा. दहा मिनिटं संपली, टॉर्चचा लाल उजेड लागला आणि तो पेन्सिल हवेत धरून कुजबुजला, “ताई, काहीच नाही आलं. पुढे जाऊ या?”

“शून्य लिही आधी,” मी म्हटलं. “वेळ लिही, वारा किती होता ते लिही. आणि ऐकणारा कोण होता, तेही.”