अर्थशास्त्र आणि जैववैद्यकीय अभियांत्रिकी : पदवीचा अभ्यास कसा आखावा

हे दोन विषय पदवीला एकत्र घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने अभ्यासक्रमाची पुस्तिका उघडण्यापूर्वी डायलिसिसचा इतिहास वाचावा. 1960 मध्ये अमेरिकेतील सिएटलचे डॉक्टर बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी रुग्णाची धमनी आणि शीर कायम जोडून ठेवणारी टेफ्लॉनची एक जोडनळी वापरात आणली. तोपर्यंत प्रत्येक डायलिसिसच्या वेळी रक्तवाहिनीला इजा होत असे, त्यामुळे हा उपचार मोजक्याच वेळा करता येई. जोडनळीमुळे तो वर्षानुवर्षे चालू ठेवणे शक्य झाले. अभियांत्रिकीचा प्रश्न सुटला आणि त्याच क्षणी अर्थशास्त्राचा प्रश्न उभा राहिला, कारण यंत्रे थोडी होती आणि रुग्ण पुष्कळ. यंत्र कोणाला मिळावे हे ठरवण्याचे काम तेथे सात जणांच्या एका समितीकडे सोपवावे लागले. दोन्ही विषय एकत्र का शिकावेत याचे याहून स्पष्ट उत्तर मला ठाऊक नाही.

आखणीला सुरुवात शेवटच्या वर्षापासून करावी. अभियांत्रिकीतील विषय साखळीसारखे एकमेकांत गुंतलेले असतात : कलनाशिवाय अवकल समीकरणे नाहीत, ती आणि विद्युत परिपथ झाल्याशिवाय संकेत व प्रणाली नाही, आणि तो विषय झाल्याशिवाय वैद्यकीय प्रतिमांकन किंवा उपकरणशास्त्र समजत नाही. या साखळीतील एक कडी चुकली आणि तो विषय वर्षातून एकदाच शिकवला जात असला, तर पूर्ण वर्ष मागे पडते. अर्थशास्त्राची साखळी आखूड असते. प्रास्ताविक विषयांनंतर सूक्ष्मलक्ष्यी व समग्रलक्ष्यी सिद्धान्त आणि संख्याशास्त्रानंतर अर्थमिती (आर्थिक आकडेवारीचे संख्याशास्त्रीय विश्लेषण) एवढा क्रम सांभाळला, की बाकीचे ऐच्छिक विषय बहुधा मागेपुढे करता येतात. म्हणून अंतिम प्रकल्पापासून मागे येत अभियांत्रिकीचे विषय आधी सत्रांत बसवावेत आणि अर्थशास्त्र उरलेल्या जागी घालावे. उलट क्रमाने केलेली आखणी कागदावर सोपी दिसते. प्रयोगशाळांचे तास सुरू झाले की ती कोलमडते.

खरी बचत गणितात आहे, आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. हृदयाच्या दोन ठोक्यांच्या मध्ये धमनीतील दाब कसा उतरतो हे सांगणारे शरीरक्रियाशास्त्रज्ञ ओटो फ्रांक यांचे प्रारूप आणि स्थिर अवस्थेच्या जवळ आलेली अर्थव्यवस्था तिच्याकडे कशी सरकते हे सांगणारे अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट सोलो यांचे 1956 चे प्रारूप, या दोहोंच्या मुळाशी एकच प्रथम कोटीचे अवकल समीकरण येते. काल्मन फिल्टर, म्हणजे सदोष मोजमापांवरून खऱ्या राशीचा अंदाज बांधण्याची गणिती रीत, 1960 मध्ये मांडला गेला. शरीरातून येणाऱ्या संकेतातील गोंगाट वेगळा करण्यासाठी आणि प्रत्यक्ष न दिसणाऱ्या आर्थिक राशींचा अंदाज बांधण्यासाठीही तो वापरतात. संख्याशास्त्रज्ञ डेव्हिड कॉक्स यांची 1972 ची पद्धत रुग्ण किंवा रोपण किती काळ टिकेल हे अभ्यासते, तशीच बेकारीचा कालावधीही अभ्यासते. त्यामुळे संभाव्यता आणि संख्याशास्त्र हा विषय दोन्ही विभागांत दोनदा, वरवर शिकण्याऐवजी कलनावर आधारलेला, कठीण असा एकच विषय घ्यावा आणि तो दोन्हीकडे ग्राह्य धरला जाईल याची लेखी मान्यता पहिल्याच वर्षी मिळवावी. रेषीय बीजगणिताबाबतही हेच करावे. तोंडी आश्वासनावर विसंबू नये, सल्लागार बदलतात.

ऐच्छिक विषयांत आरोग्य अर्थशास्त्र अर्थातच हवे. अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांच्या 1963 च्या निबंधापासून या शाखेत एक प्रश्न सतत येतो : उपचार घेणाऱ्याला स्वतःच्या आजाराविषयी डॉक्टरांपेक्षा फार कमी माहिती असते, तेव्हा बाजार नीट कसा चालणार? त्याच्या जोडीला बाजार-रचनेचा विषय मिळाल्यास सोडू नये. मूत्रपिंड देऊ इच्छिणारे नातलग आणि रुग्ण यांचे ऊतिगट जुळत नसतील, तर अशा जोड्यांमध्ये अदलाबदल घडवण्याची पद्धत ॲल्विन रॉथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवली; रॉथ आणि लॉइड शॅप्ली यांना 2012 चे नोबेल मिळाले ते अशाच जुळणीच्या सिद्धान्तासाठी आणि बाजार-रचनेसाठी.

अंतिम प्रकल्पात दोन्ही विभागांतून एकेक मार्गदर्शक मागावा. उपकरण लहान निवडावे, पण त्याचा हिशेब पूर्ण करावा. समजा, नव्या उपकरणामुळे रुग्णाला दोन वर्षे अधिक मिळतात आणि त्या काळातील आयुष्याची गुणवत्ता पूर्ण आरोग्याच्या 0.7 इतकी आहे. तर लाभ 1.4 गुणवत्ता-समायोजित आयुर्वर्षांचा झाला. जुन्या उपचारापेक्षा होणारा जादा खर्च या आकड्याने भागला, की एका अशा वर्षाची किंमत कळते. येथे अर्थशास्त्राचा विद्यार्थी उपकरणाचे आयुष्य बहुधा गृहीत धरतो, तर अभियंता ते मोजून ठेवतो आणि त्याचे पुढे काही करत नाही. तुम्ही प्रयोगशाळेत झिजेची चाचणी स्वतः घ्या, मिळालेली आयुर्मर्यादा हिशेबात घाला, आणि ती निम्मी किंवा दुप्पट झाली तर उपकरण खर्चाच्या मानाने परवडते की नाही हा निष्कर्ष टिकतो की उलटतो हे तपासा. निष्कर्ष ज्या आकड्यावर उलटतो, तो आकडा रचनेच्या टेबलावर परत न्या आणि उपकरणाचा कोणता भाग बदलायचा ते त्यावरून ठरवा.