बॅटरी सारखी उतरते? डायनॅमो खोलण्याआधी या चुका टाळा

डिसेंबरात निफाडचा पारा 10 अंशांखाली गेला की इकडे नाशिकच्या गंगापूर रोडलाही सकाळी बोटं आखडतात. अशाच एका सकाळी आमच्या 1972 च्या अँबॅसिडरने सेल्फ मारल्यावर नुसतं ‘टक्’ केलं आणि गप्प बसली. शेजारच्या पोरांनी धक्का मारला तेव्हा सुरू झाली. मेकॅनिक म्हणाला, बॅटरी गेली. नवी घातली. दीड महिन्यात तीही उतरली. मग डायनॅमो, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर, रिवाइंड करून घेतला (आतली तार नव्याने गुंडाळून घेतली), तरी रडगाणं तेच. दोष निघाला तिसऱ्याच ठिकाणी, आणि तो दाखवला व्होल्ट मोजणाऱ्या एका साध्या मल्टिमीटरने. मीटर आधीच लावला असता तर दोन्ही खर्च वाचले असते.

म्हणून पहिली चूक हीच: न मोजता पार्ट बदलणं. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर मीटर लावा. 12.6 व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, 12.2 म्हणजे जेमतेम निम्मी. निम्मी असेल तर आधी चार्जरवर पूर्ण भरून घ्या, कारण उतरलेल्या बॅटरीवर केलेली कुठलीही तपासणी फसवते. मग इंजिन चालू करून थोडी रेस द्या. 13.8 ते 14.4 दिसलं तर चार्जिंग ठीक आहे. रेस देऊनही 13 च्या खालीच राहिलं तर चार्जिंग होत नाही. 15 च्या वर गेलं तर चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडलाय, बॅटरीतलं पाणी उकळून आटेल.

डायनॅमोकडून अल्टरनेटरची अपेक्षा

सिग्नलला गाडी उभी असताना चार्जिंगची लाल लाईट मिणमिणते म्हणून घाबरून आलेले कितीतरी जण मी पाहिलेत. नंतरच्या गाड्यांत आलेला अल्टरनेटर आयडलिंगलाही चार्ज करतो, डायनॅमो मात्र जवळपास करतच नाही, तो त्याचा स्वभाव आहे. रेस दिल्यावर लाईट विझली पाहिजे, एवढंच बघा. लुकास या ब्रिटिश कंपनीचा सी-40 डायनॅमो पूर्ण जोरात फिरला तरी 22 अँपिअर देतो. 60 वॉटचे दोन हेडलाईट त्यातले 10 खातात. कुणी हौसेने 100 वॉटचे बल्ब बसवले असतील तर 16 च्या वर तिथेच गेले. पावसाळ्यात संध्याकाळी द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये हेडलाईट, वायपर लावून अर्धा तास रांगलात तर बॅटरी उतरणारच. तिथे बिघाड शोधू नका, बल्ब बदला.

चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढणं

“वायर काढा, गाडी बंद पडली तर चार्जिंग नाही,” ही जुनी युक्ती अजून चालते. कृपा करून करू नका. अनेकांनी जुन्या गाडीत अल्टरनेटर बसवून घेतलाय. त्यात वायर सुटताक्षणी व्होल्टेज उसळतं आणि डायोड जळतात. अल्टरनेटरवाल्यांनी आणखी एक बघावं: डॅशबोर्डवरची चार्जिंगची लाईट जळाली असेल तर बऱ्याच गाड्यांत चार्जिंग सुरूच होत नाही, कारण सुरुवातीचा करंट त्याच बल्बमधून जातो.

डायनॅमो की रेग्युलेटर?

हे गाडीवरच कळतं. लुकास पद्धतीच्या डायनॅमोवर डी आणि एफ अशी दोन टर्मिनल असतात. दोन्ही वायरी काढा, दोन टर्मिनल छोट्या तारेने एकमेकांना जोडा, तिथून बॉडीपर्यंत मीटर लावा. इंजिन सुरू करून अगदी हळू रेस वाढवा. काटा सरसर 20 व्होल्टकडे गेला तर डायनॅमो ठणठणीत. तिथेच थांबा, पुढे रेस केलीत तर वाइंडिंग जळेल. काहीच दिसलं नाही तर कार्बन आणि तो ज्यावर घासतो तो तांब्याचा कॉम्युटेटर बघा. एखादा व्होल्ट दाखवून अडला तर फील्ड कॉइल (आतली स्थिर गुंडाळी), आणि 4-5 वर अडकला तर बहुधा आर्मेचर (फिरणारा भाग). रिवाइंड करायचा निर्णय यानंतर घ्यायचा. रिवाइंड झालेला डायनॅमो बसवल्यावर एफची वायर सोडवून त्या टर्मिनलला बॅटरीच्या लाईव्ह टोकाची (बॉडीला न जोडलेल्या) तार क्षणभर टेकवायची. हे राहिलं तर नवा डायनॅमोही मुका राहतो किंवा उलटा चार्ज करतो. त्याआधी अर्थिंग कोणती, म्हणजे बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला जोडलंय, ते तपासा. ब्रिटिश वळणाच्या जुन्या गाड्यांत पॉझिटिव्ह बॉडीला असू शकतं.

रात्रीत बॅटरी सपाट होत असेल तर कटआऊटचे (इंजिन बंद असताना डायनॅमोला बॅटरीपासून तोडणाऱ्या स्विचचे) पॉइंट चिकटलेत का बघा. इंजिन बंद ठेवून डायनॅमोच्या डीची वायर काढा, तिचं टोक आणि बॉडी यांच्यात टेस्ट लॅम्प धरा. पेटला तर पॉइंट चिकटलेत, बॅटरी डायनॅमोतून उलटी वाहतेय.

डायनॅमो फिरवणारा बेल्ट अंगठ्याने दाबल्यावर अर्धा इंच दबला पाहिजे. त्याहून ताणलात तर बेअरिंग जातं.

अर्थिंगकडे दुर्लक्ष

आमच्या गाडीचा दोष इथे होता. एक खूण आम्ही महिनाभर पाहूनही सोडून दिली: सेल्फ मारल्यावर चोकची वायर (डॅशबोर्डवरून इंजिनपर्यंत जाणारी चोक ओढायची केबल) बोटाला गरम लागायची. इंजिन आणि चासी यांना जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी असते. ती आतून हिरवी पडली होती, बोल्टखाली जुना रंग तसाच होता. करंटला वाट मिळेना म्हणून तो चोकच्या वायरीतून जात होता.

तपासायला मीटरचं एक टोक बॅटरीच्या थेट पोस्टवर धरा, क्लॅम्पवर नाही, आणि दुसरं इंजिन ब्लॉकवर. अर्थचं पोस्ट निवडा. हेडलाईट लावून रेस द्या. 0.2 व्होल्टपेक्षा जास्त दिसायला नको, आमच्याकडे 0.9 दिसलं. डायनॅमोपाशी 14.2 होते, बॅटरीवर 13.3. पट्टी नवी घातली, दोन्ही बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडला, आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावली. पुन्हा मीटर लावला: 0.1. चोकची वायर आता गार असते.