थंडीत आरव्हीच्या आत ओल का येते?

कडाक्याच्या थंडीत आरव्हीत, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या मोठ्या गाडीत, राहताना खिडक्यांवर पाणी आणि गादीखाली ओल दिसली की छत गळतंय असंच आधी वाटतं. बहुतेक वेळा ते आपल्याच श्वासाचं, स्वयंपाकाचं आणि गॅसचं पाणी असतं. १ किलो प्रोपेन (हाच तो गॅस) जळलं की साधारण १.६ किलो पाण्याची वाफ तयार होते! धूर बाहेर न सोडणारा गॅस हीटर ही सगळी वाफ आतच ठेवतो. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा धोका वेगळाच. त्यापेक्षा बाहेर धूर सोडणारी फर्नेस (गरम हवेची भट्टी) किंवा विजेचा हीटर बरा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मात्र हवाच.

छतावरची झडप बोटभर उघडी ठेवा, शिवाय एखादी खिडकीही. ऊब वाया जाते म्हणून जीव हळहळतो खरा, पण बाहेरच्या गार हवेत बाष्प कमी असतं. ती आत येऊन तापली की ओल शोषून घेते. ओले कपडे आत वाळत घालू नका. गादी थेट फळीवर नको, खाली हवा खेळेल अशा लाकडी पट्ट्या घाला. सिंकखालच्या कपाटाची दारं रात्री उघडी ठेवलीत, तर तिथले पाण्याचे पाइप गोठण्याची भीतीही कमी होते.