पैसे अडकल्यावर काय दाखवता? ॲप बनवताना या चुका टाळा

किराणा दुकानात क्यूआर कोड स्कॅन केला, पिन टाकला, खात्यातून ४५० रुपये गेल्याचा मेसेजही आला. पण दुकानातला स्पीकर गप्पच. मागे रांग खोळंबलेली. आणि ॲपवर लाल अक्षरांत एवढंच: 'व्यवहार अयशस्वी. पुन्हा प्रयत्न करा.'

अशा वेळी माणूस घाबरतो. घाबरून पुन्हा पैसे भरतो, नाहीतर नेटवर कस्टमर केअरचा नंबर शोधतो आणि थेट ठगाच्या तावडीत सापडतो. म्हणूनच ॲप बनवताना वापरणाऱ्याच्या भावनांचा विचार करणं म्हणजे फक्त रंग, चित्रं आणि सजावट असं समजणं ही मला सर्वांत मोठी चूक वाटते.

त्या क्षणी त्याला तीनच गोष्टी हव्या असतात: पैसे कुठे आहेत, परत कधी येतील, आता मी काय करू? रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्येच याची मुदत ठरवून दिली आहे. यूपीआयने एखाद्या व्यक्तीला पाठवलेले पैसे खात्यातून गेले पण पोचले नाहीत, तर ते दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत. दुकानदाराच्या बाबतीत ५ दिवसांत. त्याहून उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. मग हे स्क्रीनवर का लिहायचं नाही? 'तुमचे ४५० रुपये खात्यातून गेले, दुकानदाराला मिळाले नाहीत. ५ दिवसांत परत येतील. तक्रार इथूनच करा.' एवढ्यानेही धडधड कमी होते.

दुसरी चूक दोष माणसाच्या माथी मारण्याची. 'अवैध माहिती' म्हणायचं आणि भरलेला अख्खा फॉर्म पुसून टाकायचा! डिझाइनचे अभ्यासक डॉन नॉर्मन वर्षानुवर्षं सांगत आले आहेत की रचना फसलेली असते आणि माणूस मात्र स्वतःला बोल लावतो. आपल्याकडे हे घरोघरी दिसतं. 'मला नाही बाबा जमत' म्हणत आजी फोन नातवाकडे देतात, तो कायमचाच. कोणता रकाना चुकला ते त्याच्याशेजारी लिहा, बाकीचं भरलेलं तसंच राहू द्या.

खोटा उत्साहही नको. मायक्रोसॉफ्ट ऑफिस ९७ मध्ये स्क्रीनवर मदतीला येणारी क्लिप्पी ही बोलकी पेपरक्लिप आठवते? तिला डोळे होते, हावभाव होते, पण समोरचा वैतागलाय हे काही कळत नव्हतं. २००१ च्या आवृत्तीत ती मुळातच बंद ठेवली गेली, २००७ मध्ये गेलीच. पैसे अडकलेल्या माणसाला 'अरेरे!' आणि हसरा इमोजी दाखवणं त्याच जातीचं आहे.

मग कॅमेऱ्याने चेहरा वाचून भावना ओळखायच्या का? माझ्या मते नकोच. चेहऱ्यावरून मनातलं खात्रीने सांगता येत नाही, आणि युरोपीय संघाने तर फेब्रुवारी २०२५ पासून नोकरीच्या ठिकाणी आणि शाळा-कॉलेजांत अशा यंत्रणांवर, वैद्यकीय व सुरक्षेची कारणं सोडली तर, बंदी घातली आहे. एकच बटण कोणी चार वेळा दाबतंय, एवढी खूण मदत पुढे करायला पुरेशी आहे.

चाचणीतही गफलत होते. एसी ऑफिसात, फुल नेटवर्कवर, स्वतःच बनवलेलं ॲप सगळ्यांना सोपंच वाटतं. ते बाहेरच्या माणसाच्या हातात द्या, पेमेंट अर्ध्यात असताना नेट बंद करा आणि विचारा, 'तुमचे पैसे आत्ता कुठे आहेत?' उत्तर देताना तो अडखळला, तर मजकूर पुन्हा लिहायला घ्या.