तेरवीनंतर घर रिकामं झालं की बोलायला माणसं कुठं शोधायची

तेरवी झाली की पाहुणे निघतात, मांडवाच्या खुर्च्या परत जातात आणि चौदाव्या दिवसापासून खरं सुरू होतं. माझे बाबा गेले तेव्हा नातेवाईकांच्या व्हॉट्सॲपवर रोज हात जोडलेले इमोजी, फोन केला की 'आता तूच मोठा, आईकडे पाहा'. अरे पण मी कोणापाशी रडू? म्हणून घरचं माणूस गेलेले लोक एकत्र बसून बोलतात असा ग्रुप शोधला, त्यात जे कळलं ते लिहून राहिलो.

पहिले 14416 ला फोन लावा. टेली-मानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, फुकट, रात्री 3 ला पण उचलतात आणि मराठीत बोलता येतं. तो ग्रुप नाही, पण मोठ्यानं बोलायची सुरुवात तिथून होते. मग नागपुरात मेडिकल, मेयो नाहीतर मिहानच्या एम्स या सरकारी दवाखान्यांमध्ये मानसोपचारच्या ओपीडीत सरळ विचारा की माणूस गेलेल्यांची एकत्र बैठक कुठं होते का, लाजायचं काहून? ज्या दवाखान्यात पेशंट होता तिथल्या समाजसेवकाला पण विचारा, त्याला अशी घरं माहीत असतात.

जायच्या आधी फोनवर 3 गोष्टी विचारायच्या. पैसे किती, किती जण असतात (6 ते 10 बरं, 30 असले की भाषण होते) आणि बोललेलं बाहेर जात नाही नं. आत्महत्येनं किंवा ॲक्सिडेंटमध्ये माणूस गेला असेल तर ते आधीच सांगून ठेवा. आणि जिथं पहिल्याच दिवशी कोणी शांती, पॉलिसी नाहीतर चूर्ण विकायला लागलं तिथून चप्पल घालून निघायचं बाप्पा.

पहिल्या दिवशी बोललंच पाहिजे असं नाही. मी दीड तास पंख्याकडे पाहत बसलो, नुसतं नाव सांगितलं. दुसऱ्यांदा कसंबसं बोललो की बाबांच्या नंबरवर मी अजून रिचार्ज मारतो, आईला हिशोबात सांगत नाही, आणि वाटलं आता सगळे हसतील. समोरच्या काकू पर्समधला दुसरा मोबाईल काढून म्हणाल्या, 'हा आमच्या ह्यांचा, दोन वर्षं झाले, रोज चार्जिंगला लावते.' बस, एवढंच, सल्ला कोणीच दिला नाही. (काकूंना विचारूनच लिहिलं आहे.) म्हणून म्हणतो, एकदा जाऊन 'जमलं नाही' ठरवू नका, 3 वेळा जा.

कोणी 'तू दुःखाच्या 5 पैकी कितव्या स्टेजला' विचारलं तर सोडून द्या. कुबलर-रॉस नावाच्या मानसोपचारच्या डॉक्टर बाईंनी 1969 मध्ये त्या स्टेजेस मांडल्या त्या मरणाच्या दारातल्या पेशंटशी बोलून, मागं राहिलेल्यांसाठी तो टाइमटेबल नाही.

ग्रुप सापडलाच नाही तर 4 जण पण पुरतात. एकच वार, एकच वेळ, उन्हाळ्यात संध्याकाळी 7 नंतर ठेवा, नाहीतर मे महिन्यात कोणी येत नाही. जागा कोणाच्या हॉलमध्ये किंवा वाचनालयात, बगीच्यात नको, तिथं ओळखीचे भेटतात अन् रडता येत नाही. एक जण बोलताना दुसऱ्यानं मध्ये तोंड घालायचं नाही, आणि 'आमच्याकडे तर याहून वाईट झालं' हे वाक्य बंद. चहा शेवटी, आधी ठेवला की गप्पाच होतात.

सगळं ग्रुपच्या भरवशावर सोडू नका मात्र. जेवण-झोप सुटली, दारू वाढली किंवा आपणही संपावं असं मनात यायला लागलं तर पुढच्या बैठकीची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी घरच्या कोणाला सांगून डॉक्टरकडे. 6 महिने उलटून पण काम, घर काहीच जमत नसेल तरी दाखवा, डब्ल्यूएचओच्या (जागतिक आरोग्य संघटना) आजारांच्या यादीत लांबलेल्या शोकाला वेगळं नाव आहे, त्यावर उपचार आहेत.

पहिली दिवाळी, वाढदिवस, पितृपक्ष, या तारखा ग्रुपमध्ये आधीच सांगून ठेवा. आणि पहिल्या बैठकीला एकटे गाडी चालवत जाऊ नका, कोणाला तरी सोबत घ्या, त्याला म्हणा खाली तर्री-पोहे खा, मी येतो.