जुन्या इलेक्ट्रिक सायकलला नवा कंट्रोलर कसा जोडावा

सायकल बंद पडली की संशय पहिल्यांदा कंट्रोलरवर (बॅटरीतून मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणाऱ्या डब्यावर) जातो. पण नवा मागवण्याआधी जुना खरोखर गेला आहे का ते बघा. बॅटरी काढा, मोटरचे चाक उचला आणि हाताने उलट दिशेने फिरवा. (गिअरवाल्या हब मोटरमध्ये, म्हणजे चाकाच्या मध्यभागी बसवलेल्या मोटरमध्ये, क्लच असतो, चाक सरळ फिरवले तर आतला रोटर हलतच नाही.) चाक अडखळत, घट्ट फिरत असेल तर मोटरच्या तीन जाड फेज वायर (मोटरला वीज पुरवणाऱ्या) कंट्रोलरपासून सोडवा, त्यांची टोके एकमेकांना लागू न देता पुन्हा फिरवा. चाक मोकळे झाले तर कंट्रोलरमधले मॉस्फेट (मोटरची वीज चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) शॉर्ट झाले आहेत. तरीही घट्टच राहिले तर दोष मोटरमध्ये, किंवा बहुतेक वेळा केबल आसातून बाहेर पडते तिथे घासून सोललेल्या वायरमध्ये असतो. तो आधी दुरुस्त करा, नाहीतर नवा कंट्रोलरही जळेल.

कोणता घ्यायचा

व्होल्टेज बॅटरीशी जुळलेच पाहिजे. 36 व्होल्टची लिथियम बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर 42 व्होल्ट देते, 48 व्होल्टची (13 सेलची माळ) 54.6 व्होल्ट. 48 व्होल्टचा कंट्रोलर 36 च्या बॅटरीवर बहुधा चालूच होत नाही, कारण त्याचा कट-ऑफ (ज्याखाली तो बंद होतो ते व्होल्टेज) 40 व्होल्टच्या आसपास असतो. कंट्रोलरच्या लेबलवरचा कमाल प्रवाह बॅटरीच्या बीएमएसला (बॅटरीतल्या संरक्षक सर्किटला) सतत झेपणाऱ्या प्रवाहापेक्षा कमी हवा. 15 अँपिअरच्या मोटरला 30 चा कंट्रोलर लावला तर जोर वाढतो खरा, पण चढावर मोटरमधली तारेची वेटोळी (वाइंडिंग) तापतात.

जुना डिस्प्ले ठेवायचा असेल तर जरा थांबा. दोन्ही प्लग पाच पिनांचे असले आणि एकमेकांत बसले तरी डिस्प्ले आणि कंट्रोलर एकमेकांची भाषा बोलतील याची खात्री नसते. पिनांचा क्रमही बदलतो. दोन्ही एकाच उत्पादकाचे, जोडीनेच घेणे शहाणपणाचे.

जुना काढताना

बॅटरी सुटली तरी आतल्या कपॅसिटरमध्ये व्होल्टेज राहते. कंट्रोलरच्या जाड लाल आणि काळ्या वायरींवर 1 किलोओहमचा रेझिस्टर काही सेकंद धरा आणि मीटरवर शून्य आले का पाहा. मग प्रत्येक प्लगचा फोटो घ्या आणि वायरींना टेपची चिठ्ठी लावा. चिठ्ठीवर रंग नव्हे, काम लिहा: ‘थ्रॉटल’ (वेग वाढवणारी मूठ), ‘डावा ब्रेक’, ‘चावी’. जुन्या सायकलवर आधी कुणी दुरुस्ती केली असेल तर रंगांवर अजिबात विश्वास ठेवू नये.

जोडणी

आधी बॅटरीची बाजू. जाड लाल वायर धन, जाड काळी ऋण. इथे उलट जोडले तर क्षणात सगळे संपते, कारण मॉस्फेटमधल्या डायोडमधून बॅटरी थेट शॉर्ट होते. म्हणून जोडण्याआधी बॅटरीच्या प्लगवर मीटर लावून धन-ऋण तपासा. 15 अँपिअरच्या कंट्रोलरला 2.5 चौरस मिलिमीटरची वायर आणि बॅटरीच्या जवळ 20 अँपिअरचा फ्यूज ठेवा. गाडीचे साधे ब्लेड फ्यूज 32 व्होल्टसाठी असतात. 48 व्होल्टवर ते वितळले तरी आतली ठिणगी चालू राहू शकते. 58 व्होल्ट किंवा त्याहून जास्त मर्यादेचा फ्यूज शोधा.

लाल रंगाची आणखी एक बारीक वायर असते, ती चावीची. तिला चावीतून बॅटरीचे पूर्ण व्होल्टेज मिळाल्याशिवाय कंट्रोलर जागा होत नाही. डिस्प्ले असेल तर हे काम बहुधा तोच करतो.

आता मोटर न जोडता चावी चालू करा आणि थ्रॉटलच्या प्लगमधल्या लाल-काळ्या वायरींवर व्होल्टेज मोजा. सुमारे 5 व्होल्ट आले पाहिजेत. ही पायरी गाळू नका. थ्रॉटल, हॉल सेन्सर (मोटरमधला रोटर कुठे आहे ते कंट्रोलरला सांगणारे), पेडल सेन्सर हे सगळे याच 5 व्होल्टवर जगतात. एक-एक प्लग लावत जा आणि प्रत्येक वेळी मोजा. ज्या प्लगने व्होल्टेज कोसळेल तिथेच शॉर्ट आहे. थ्रॉटलची सिग्नल वायर सोडलेल्या स्थितीत 0.8 व्होल्टच्या आसपास आणि पूर्ण पिळल्यावर साधारण 3.6 ते 4.2 दाखवते.

बॅटरीचे दिवे असलेल्या थ्रॉटलमध्ये एक फसवी वायर असते. तिच्यात बॅटरीचे पूर्ण व्होल्टेज खेळते. ती चुकून 5 व्होल्टच्या ओळीला लागली तर हॉल सेन्सर आणि कंट्रोलर दोन्ही एकदमच जातात. सहा वायरींच्या थ्रॉटलमधली प्रत्येक वायर मोजून ओळखल्याशिवाय जोडू नका.

ब्रेकच्या साध्या स्विचला दोन वायरी असतात. लिव्हर दाबले की त्या एकमेकांना जोडल्या जातात. त्या कंट्रोलरच्या ‘लो ब्रेक’ वायरींना लावायच्या. ‘हाय ब्रेक’ला ब्रेक लाइटचे 12 व्होल्ट लागतात, तुमच्याकडे तशी व्यवस्था नसेल तर ती वायर टेपने बंद करून मोकळी सोडा.

फेज आणि हॉल

हॉलच्या पाच वायरी लावा: लाल, काळी, आणि पिवळ्या-हिरव्या-निळ्या सिग्नलच्या. बॅटरी चालू ठेवून चाक हळू उलटे फिरवा. काळ्या वायरीच्या तुलनेत तिन्ही सिग्नल 0 आणि 5 व्होल्टमध्ये आलटून-पालटून बदलले पाहिजेत. एखादा अडकून राहिला तर तो सेन्सर किंवा त्याची पिन खराब आहे.

मग बॅटरी काढून फेज वायरी रंगाला रंग जोडा. चाक अधांतरी ठेवून थ्रॉटल अगदी थोडा द्या. चाक थरथरले, घुरघुरले किंवा फिरताना जोरात गुणगुणले तर लगेच सोडा. कंट्रोलरला ‘सेल्फ लर्निंग’च्या (वायरींचा क्रम आपोआप ओळखण्याच्या) दोन वायरी असतील तर काम सोपे: त्या जोडून चावी चालू करा, चाक आपोआप फिरेल, उलटे फिरले तर सोडून पुन्हा जोडा, सरळ फिरू लागले की त्या कायमच्या वेगळ्या करा.

ती सोय नसेल तर हॉलच्या वायरी तशाच ठेवा आणि फेजच्या वायरी अदलाबदल करा. रचना सहाच होतात, त्यातली एकच बरोबर असते. प्रत्येक बदलाआधी बॅटरी काढा. बरोबर रचनेत मोटर शांतपणे फिरते आणि भाराशिवाय अगदी थोडा प्रवाह घेते: गिअरच्या लहान मोटरला साधारण 1 अँपिअर, डायरेक्ट ड्राइव्हला (गिअर नसलेल्या मोटरला) थोडा जास्त. फिरते आहे पण कित्येक अँपिअर खाते आहे, ही चुकीची रचना समजा. सगळे सुरळीत पण चाक उलटे जाते? हॉलच्या कोणत्याही दोन सिग्नल वायरी अदलाबदल करून फेजच्या सहा रचना पुन्हा तपासा.

बांधणी

जोड सोल्डर करून वर श्रिंक ट्यूब (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा. टेप उन्हात सुटते. कंट्रोलर अशा बाजूने बसवा की वायरी खालून आत जातील, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळत आत शिरणार नाही. बॅटरीचा प्लग लावताना ठिणगी उडते, त्याने पिना जळतात. आधी बॅटरीची एक वायर 100 ओहम, 5 वॅटच्या रेझिस्टरमधून कंट्रोलरला दोन सेकंद टेकवा, मग प्लग बसवा, किंवा ठिणगीरोधक कनेक्टर वापरा.

पहिल्या चढानंतर बॅटरी बंद करून फेजचे तिन्ही जोड हाताने तपासा. तिन्ही सारखे कोमट असतील तर ठीक. एकच तापला असेल तर तो जोड पुन्हा सोल्डर करावा लागेल.