दहा दिवस, तीन बेटं: सायक्लेडीजमध्ये बोटीनं कसं फिरावं

आम्ही दोघी बहिणी, मी ५८ ची आणि ती ५४ ची, सप्टेंबरात ग्रीसच्या सायक्लेडीज या बेटांच्या समूहात गेलो होतो. दहा दिवसांत बेटं केली तीनच: पारोस, नाक्सोस आणि सँटोरिनी. जाणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते, तीनच करा. बेट बदलायचं म्हणजे सकाळी सामान बांधा, खोली सोडा, धक्क्यावर उन्हात थांबा आणि पलीकडे उतरून पुन्हा नवी खोली गाठा. अर्धा दिवस त्यातच जातो.

बेटं निवडताना आधी नकाशा बघा, फोटो नंतर. एकाच बोटीच्या वाटेवरची बेटं घेतली की फिरणं सोपं होतं. अथेन्सच्या पिरेअस बंदरातून सकाळी निघालेली मोठी बोट साधारण चार तासांत पारोसला लागते, पुढे तासाभरात नाक्सोसला आणि तशीच पुढे सँटोरिनीला जाते. वेळापत्रकात सँटोरिनीचं नाव बऱ्याचदा ‘थिरा’ असं असतं, त्यामुळे गोंधळू नका. विमानतळावरून पिरेअसपर्यंत थेट मेट्रो आहे, तासभर लागतो. मिकोनोस, तिनोस किंवा अँड्रोसला जायचं असेल तर विमानतळाला राफिना बंदर जास्त जवळ पडतं.

वेगवान बोटींचं तिकीट बरंच महाग असतं. त्या वेळ वाचवतात, पण बाहेर उभं राहायला जागा जवळपास नसतेच आणि लाटा असल्या की पोट ढवळून निघतं. मोठ्या संथ बोटीच्या उघड्या डेकवर बसून एकेक बेट जवळ येताना बघणं हा प्रवासातला मोठा आनंद आहे, तो चुकवू नका.

बोटीत चढायचं ते मागच्या बाजूनं, गाड्या आत जातात त्याच उतारावरून. आत शिरल्या शिरल्या सामानाच्या मांडण्या दिसतात, त्यांवर बेटांची नावं लिहिलेली असतात. आपल्या बेटाच्या मांडणीवर बॅग ठेवा. पासपोर्ट, औषधं आणि पैसे मात्र जवळच्या पिशवीत ठेवा. बोट मधल्या बेटावर जेमतेम काही मिनिटं थांबते. घोषणा झाली की लगेच खाली येऊन बॅग हातात घेऊन तयार राहा. पारोसला आम्ही कॉफी संपवत बसलो होतो, आणि शेवटी जिन्यावरून धावत उतरावं लागलं.

आता वाऱ्याचं. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून ‘मेल्तेमी’ नावाचा वारा सुटतो, आकाश निरभ्र आणि समुद्र मात्र खवळलेला. फार जोर असला की बंदराचे अधिकारी बोटींना सुटूच देत नाहीत. मे, जून किंवा सप्टेंबर उत्तम. सप्टेंबरात तर पाणी उन्हाळाभर तापलेलं असतं. १५ ऑगस्टच्या आसपास मेरीमातेचा मोठा सण असतो, सगळा ग्रीस गावी निघतो, तेव्हा तिकिटं फार आधी काढावी लागतात. कुठल्याही महिन्यात जा, पण परतीच्या विमानाच्या आदली रात्र अथेन्समध्येच काढा. आमची नाक्सोसची बोट वाऱ्यामुळे एक दिवस सुटली नाही. हाताशी मोकळा दिवस ठेवला होता म्हणून पुढचं काही बिघडलं नाही.

पारोसवर मराठी माणसानं एक ठिकाण चुकवू नये. बंदराच्या पारिकिया गावातून लेफ्केस गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर निळ्या पाटीवर गावाचं नाव दिसतं: माराथी! नावाचा आपल्याशी संबंध नाही. ग्रीकमध्ये ‘माराथो’ म्हणजे बडीशेप. पण याच माराथीत प्राचीन संगमरवराच्या खाणी आहेत. जमिनीखाली दिव्यांच्या उजेडात काढलेला हा दगड इतका शुभ्र, की त्यातून उजेड थोडा आरपार जातो. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातली ‘व्हीनस दि मिलो’ ही मूर्ती पारोसच्याच संगमरवराची. बहीण पाटीला हात लावून बराच वेळ उभी होती. खाणीच्या तोंडाशी जमीन ओबडधोबड आहे, चांगले बूट घाला. पुढे लेफ्केसहून प्रोद्रोमोसपर्यंत दगडी फरसबंदीची जुनी पायवाट आहे, बहुतेक उताराची. गुडघे दुखत असूनही आम्ही ती तासा-दीड तासात चाललो.

बेटांवरची मुख्य गावं पांढरी दिसतात ती चुन्यामुळे. उन्हाचा ताप परतवायला भिंतींना दर वर्षी चुन्याचा हात फिरवायचा, ही जुनी रीत. गल्ल्या मुद्दाम अरुंद आणि वळणावळणाच्या, त्यामुळे वारा अडतो आणि सावली मिळते. दुपारी तीन ते पाच गावं निजलेली असतात. तेव्हा त्या गल्ल्यांत मोठ्यानं बोलू नका, लोकांच्या खिडक्या हाताच्या अंतरावर असतात.

नाक्सोसला किमान तीन रात्री द्या. बंदराजवळ अपोलोच्या अपुऱ्या राहिलेल्या देवळाची भव्य चौकट, ‘पोर्तारा’, इसवी सनापूर्वी सहाव्या शतकापासून उभी आहे. तिथे संध्याकाळी जा. एक अख्खा दिवस बसनं डोंगरातल्या हाल्की आणि अपिरांथोस गावांसाठी ठेवा. सँटोरिनीला दोन रात्री पुरतात. तिथल्या ‘फिरा’ गावापासून ‘ओइया’ गावापर्यंतची ही ज्वालामुखीच्या कड्यावरची सुमारे दहा किलोमीटरची वाट सकाळी सातला सुरू करा. वाटेत सावली जवळजवळ नाही, पाणी भरपूर घ्या.

शाकाहारी असाल तर एक शब्द पाठ करा: ‘निस्तीसिमा’, म्हणजे उपवासाचं. ग्रीक उपवासात मांस, दूध, अंडी नसतात, पण कोळंबी-माकूळ चालतं, म्हणून तेवढं विचारून घ्या. मग भात भरलेले टोमॅटो, मोठ्या पावट्यांसारखे ‘गीगांतेस’ आणि ‘फावा’ मिळतो. फावा म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, वरून ऑलिव्हचं तेल, कच्चा कांदा आणि लिंबू. पहिल्या घासाला बहीण म्हणाली, “ताई, फक्त फोडणी राहिली बघ.”